वाघ दाखवा!

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की मध्यप्रदेशात नेमणुकीवर असलेल्या आपल्या मंडळींकडे पुण्यामुंबईचे आप्त येऊ लागतात, आणि त्यांची मागणी एकच असते: कान्ह्याला न्या, वाघ दाखवा. यजमान लगेच दूरध्वनी उचलतात. वनखात्यात ओळख असतेच, नसल्यास काढली जाते; विश्रामगृह मिळते, फाटकावरची रांग चुकते, आणि एवढे करून वाघ दिसला नाही, तर सारा राग वाटाड्यावर निघतो. गोऱ्या साहेबाच्या शिकारीत आणि या सहलीत आम्हांस फरक दिसतो तो बंदुकीपुरताच. हाकारे गेले, जिप्सी गाड्या आल्या. हत्तीवर बसवून, पाळीपाळीने वाघापाशी नेऊन आणण्याचा प्रकारही कान्ह्यात कित्येक वर्षे चालला होताच.

वाघावर आमचा राग नाही. परंतु त्याच्यामागे धावताना ही मंडळी ज्याच्यावरून मान फिरवून पुढे जातात, तो बारशिंगा कान्ह्याचे खरे वैभव आहे. कठीण भूमीवर राहणारी त्याची ही जात एके काळी जगात फक्त येथेच उरली होती, आणि 1970 साली तिची गणती अवघी 66 भरली. हा प्राणी गवतावर जगतो, पिलांना उंच गवतात दडवतो. गवत गेले की तो गेला. म्हणून कुरणे राखली, कुंपणात वाढ केली, काही गावे उठवली. आज बारशिंगे हजाराच्या आसपास आहेत, आणि काही सातपुड्याच्या रानातही नेऊन सोडले आहेत. सौंफचे जे कुरण गाडीतून क्षणभर दिसते, तेथे पूर्वी गाव नांदत होते. बैगा आणि गोंड कुटुंबांनी घरे सोडली तेव्हा ही कुरणे मोकळी झाली. ती किंमत कोणी दिली, हे त्या गाडीत कोणी विचारीत नाही. सगळ्यांचे डोळे वाघाच्या पावलांकडे!

यावर ठराविक उत्तर मिळते: प्रवासी येतात म्हणून वाघ जगतो, चार डोळे असले की चोरटा शिकारी दबतो. मग सरिस्क्यात काय झाले? प्रवासी येत होते, तरी 2005 साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. पन्ना तर आपल्याच प्रांतातले; 2009 मध्ये तेही रिकामे ठरले आणि कान्हा-बांधवगडाहून वाघिणी आणाव्या लागल्या. डोळे होते, पण ते वाघाचे छायाचित्र मिळवण्यात गुंतलेले! रानाची राखण पायी फिरणारा तुटपुंज्या पगाराचा वनरक्षक करतो, आणि साहेबांचे पाहुणे आले की त्यालाच पहाऱ्यावरून उठवून त्यांच्या दिमतीस लावतात.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटन काही महिने थांबवले होते, तेव्हा ते कायमचे बंद व्हावे असे म्हणणारेही पुष्कळ होते. आम्ही त्यांच्यातले नव्हे. मारुती चितमपल्लींनी उभे आयुष्य रानात घालवून मराठीला पाखरांची आणि झाडांची नावे दिली. ती वाचणाऱ्याने रान पाहूच नये, असे कोण म्हणेल? जरूर जावे. मात्र अधिकाराची पाटी घरी ठेवून, इतरांसारखा परवाना काढून आणि रांगेत उभे राहून जावे. वाटाड्यास वाघाबद्दल एक अक्षर न विचारता सौंफच्या कुरणाशी गाडी थांबवावयास सांगावे, यंत्र बंद करावयास लावावे, आणि तासभर गवताकडे पाहत बसावे. पाहुणे कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.