आधी पीठ तरंगू द्या

पौष लागला की बालाघाट, वारासिवनी, लांजी, कटंगीकडच्या अंगणांत बाजा निघतात. बाजेवर जुने धुतलेले धोतर आणि धोतरावर उडीद-कोहळ्याच्या वड्यांच्या ओळी. हिंदीत तिकडे याला रखिया बडी म्हणतात, मराठी घरांत कोहळ्याच्या वड्या. पुण्या-नाशिकच्या वाचकांना वाळवण म्हटले की चैत्र-वैशाखातल्या कुरड्या, पापड आणि सांडगे आठवतात. वैनगंगेच्या खोऱ्यात चैत्रातले ऊन मोहफुलांच्या वाट्याला येते आणि वड्यांचा मान थंडीचा. त्यामागे नुसता रिवाज नाही. पावसाळ्यातला कोहळा तोवर पुरता पिकून राखी रंगावर आलेला असतो, हवा कोरडी असते, आणि रात्रीच्या गारठ्यात वाटलेली डाळ हवी तेवढीच आंबते. वैशाखात तेच पीठ सकाळपर्यंत आंबट होऊन बसेल.

या अंकात गृहउद्योग चालवणाऱ्या, बचतगटांना शिकवणाऱ्या आणि कृषी विज्ञान केंद्रांतून प्रशिक्षण देणाऱ्या आपल्या वाचकांशी या एका वडीबद्दलच बोलायचे आहे.

कृती सर्वांना ठाऊक आहे. सालीची उडीद डाळ रात्रभर भिजवायची, साल धुऊन काढायची, डाळ वाटायची. कोहळा सोलून किसायचा आणि किसातले पाणी फडक्यातून पिळून काढायचे. कोहळ्यात ९५ टक्क्यांहून जास्त पाणीच असते, त्यामुळे हे पिळणे म्हणजे वाळवण्याचे अर्धे काम तिथेच उरकणे. डाळ वाटताना लागलेच तर तेच पाणी वापरतात, साधे पाणी घालत नाहीत. मग पीठ आणि कीस एकत्र करून हाताने फेटायचे. किती वेळ? हा प्रश्न विचारला की बाई उत्तर देत नाही. ती वाटीभर पाणी घेते आणि बोटावरचा पिठाचा थेंब त्यात सोडते. थेंब तळाला गेला तर फेटणे चालू. वर तरंगला तर वड्या घालायला बसायचे.

माझ्या मते आपल्या क्षेत्रातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी तपासणी आहे. उडदातल्या चिकट द्रव्यात आणि प्रथिनांत फेटताना शिरलेली हवा अडकते, आंबताना सुटलेला वायूही अडकतो, आणि पीठ पाण्याहून हलके होते. वडीत बारीक छिद्रे राहतात. त्याच वाटांनी आतला ओलावा बाहेर येतो आणि पुढे रस्सा आत शिरतो. न तरंगलेल्या पिठाची वडी वरून वाळते, आत ओली राहते आणि शिजवताना दगडासारखी टिकून बसते.

दुसरी गोष्ट रात्रीची. संध्याकाळी वड्या घरात आणून झाकून ठेवतात. कारण दव, हे खरेच. पण त्या झाकलेल्या रात्री आणखी एक काम होते. मध्यातला ओलावा हळूहळू कडेला सरकतो आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन तो घेऊन जाते. उसना तांदूळ वाळवताना मध्ये विश्रांती देतात ती याच कारणाने, हे भातगिरणीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. घरातल्या बाईने तीच गोष्ट सुपात केली तर तिला मात्र आपण प्रक्रिया म्हणत नाही.

म्हणूनच ड्रायरबद्दल बोलावे लागते. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये आली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते. यंत्रे आली हे चांगलेच झाले. पौषातही आभाळ येते, गारा पडतात, आणि तेव्हा गटाचा सगळा माल जातो. पण मी पाहिलेल्या एका केंद्रात ड्रायर पहिल्या तासापासून ७० अंशांवर लावलेला होता. संध्याकाळपर्यंत वड्या खणखणीत वाजू लागल्या, गरम असतानाच पाकिटांत भरल्या, तोंडे बंद झाली. काही दिवसांनी एक वडी माझ्यासमोर फोडली तेव्हा मधोमध हिरवट बुरशी होती. वरचे कवच घाईने कडक झाले आणि ओलावा आत कोंडला गेला. उरलेले काम पाकिटातल्या घामाने केले. सुरुवात ४५-५० अंशांवर, मध्ये काही तासांची विश्रांती, मग थोडी वाढ, आणि पूर्ण गार झाल्यावरच भरणे, एवढे पाळले असते तर माल टिकला असता. म्हणजे बाजेवर जे होते तेच यंत्रात करायचे होते.

जुने ते सगळे बरोबर असे मात्र मी म्हणणार नाही. बुरशी आलेली वडी पुसून, पुन्हा ऊन दाखवून तळायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडलीच पाहिजे. काही बुरशींचे विष तळल्याने जात नाही, आणि ते यकृतावर जाते. अशी वडी फेकायचीच.

बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन मागताना पदार्थ काय, कुठला आणि कसा होतो, हे सगळे कागदावर मांडावे लागते. त्याच शेतांच्या बांधांवर आणि परसांत वाढलेल्या कोहळ्याच्या वडीबद्दल आपल्या प्रशिक्षण पुस्तिकांत काय आहे? साहित्य, चार ओळींची कृती आणि शेवटी ‘उन्हात कडक वाळवावे’. तरंगणारा थेंब नाही, झाकलेली रात्र नाही. ज्यांच्या हातात हे आहे त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, आणि त्यांच्या सुना पाकीट विकत आणतात. यात सुनांचा दोष नाही, त्यांना नोकरी आहे, शेत आहे. दोष आपला, कारण शिकवायला आपण जातो आणि विचारायला जात नाही.

तेव्हा एक विनंती. येत्या पौषात प्रत्येक वाचकाने एका घरी वड्या घालण्याच्या दिवशी पूर्ण वेळ बसावे, वजनकाटा आणि तापमापक घेऊन. डाळ किती, पिळलेला कीस किती, किती मिनिटे फेटल्यावर थेंब तरंगला, किती दिवसांत किती वजन उरले, एवढे लिहावे. शेवटी एक वडी मधोमध फोडून आतला रंग पाहावा आणि तोही नोंदवावा. सांगणाऱ्या बाईचे नाव तिची परवानगी असेल तरच लिहावे, पण गाव जरूर लिहावे. नोंदी माघ संपेपर्यंत आमच्याकडे पाठवा. चैत्राच्या अंकात त्या जशाच्या तशा छापू.