घरांचा दुष्काळ कोणीं पाडला?

मुंबईंतील जागेचे भाव वाढले कीं सारा दोष बिल्डरांच्या लोभावर ढकलून मोकळें व्हावयाचें, अशी आपल्याकडील विद्वानांची रीत आहे. परंतु लोभ कोणत्या व्यापारांत नाहीं? धान्याचा आडत्या कांहीं संत नव्हे. तथापि पीक मुबलक आलें म्हणजे त्यालाही भाव उतरवावाच लागतो. घरांचें पीक मुंबईंत मुबलक कां येत नाहीं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर पुष्कळ अंशीं सरकारी नियमांच्या पोथींत सांपडतें.

भूखंडाच्या कितीपट बांधकाम करावें हें ठरविणारा चटईक्षेत्र-निर्देशांक १९६४ सालीं या शहरांत आला. १९९१ च्या नियमावलीनें तो बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ असा जखडला. २०१८ च्या नियमावलींतही मूळ आंकडा तोच राहिला. अधिक बांधावयाचें असेल तर सरकारास अधिमूल्य भरा, नाहीं तर हस्तांतरणीय विकास-हक्क विकत घ्या! सरकारनें जी वस्तु आपल्याच लेखणीनें दुर्मिळ केली, तिचेंच दुकान सरकारनें मांडावें, यास नगररचना म्हणावयाचें कीं मक्तेदारी?

१९७६ चा कमाल जमीनधारणेचा कायदा गरिबांच्या नांवानें झाला. ५०० चौरस मीटरांवरील मोकळी जमीन सरकारजमा व्हावयाची होती. प्रत्यक्षांत दावे आणि सवलतींचे अर्जच वाढले. २००७ सालीं महाराष्ट्रानें तो रद्द केला. असो.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मजले वाढले तर पाणी कोठून आणणार, लोकलगाडींत पाय कोठें ठेवणार? पण निर्देशांक मजले मोजतो, माणसें मोजीत नाहीं. माणसें यावयाचीं तीं आलींच. २०११ च्या जनगणनेंत शहरांतील सुमारें ४१ टक्के लोक झोपडपट्टींत आढळले. तेही पाणी पितात, त्याच गाडीनें कामावर जातात. नियमानें त्यांना शहराबाहेर ठेवलें नाहीं, केवळ पक्क्या छपराबाहेर ठेवलें. गिरगांवच्या अरुंद गल्लींत वाटेल तितके मजले चढवा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. कोणत्या विभागाचे नळ, गटारें व रस्ते किती वस्ती पेलतील याचा हिशेब पालिकेनें प्रसिद्ध करावा, त्यावरून तेथील मर्यादा ठरवावी, आणि अधिमूल्याचा पैसा त्याच विभागाच्या नळांवर व गटारांवर खर्चावा, एवढीच आमची मागणी आहे.