मूल तोंड उघडं ठेवून झोपतं? दटावण्याआधी नाक तपासा

'तोंड मिट आधी!' जुना जालन्यातल्या कितीतरी घरांत मुलांना हे ऐकावं लागतं. मूल तोंड मिटतं, थोड्या वेळात पुन्हा उघडतं. ही सवय, की नाकातून हवाच पुरेशी जात नाही? नुसतं बघून ते कळत नाही. तरी कुणी दटावतं, कुणी थेट ऑपरेशनचं विचारतं, तर कुणी रील पाहून मुलाच्या ओठांवर टेप लावतं. हा शेवटचा प्रकार धोक्याचाच. नाक बंद असेल तर त्याने श्वास घ्यायचा कुठून?

नाकातला अडथळा मोजता येतो. रायनोमॅनोमेट्री या तपासणीत मूल मास्क लावून शांतपणे श्वास घेतं आणि यंत्र हवेचा दाब व प्रवाह टिपतं. दाबाला प्रवाहाने भागलं की अडथळा कळतो. सरळ नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढाच प्रवाह राखायला सोळा पट दाब लागतो. नाक सरळ नळी नव्हे, पण लहान नाकाला जराशी सूजही का जड जाते, ते यावरून समजावं.

मग नाक मोकळं करणारं औषध देऊन पुन्हा मोजतात. आकडा बराच उतरला, तर दोष आतल्या सुजेचा, अनेकदा अ‍ॅलर्जीचा. फारसा हलला नाही, तर वाढलेले अ‍ॅडेनॉइड किंवा वाकडा पडदा शोधायचा. सगळंच ठीक निघालं, तर सवयीकडे बघता येतं. अगदी लहान मुलं मात्र या तपासणीला दाद देत नाहीत.

रोलिंग मिलच्या या शहराचं नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. इथे चोंदलेल्या नाकाला 'सवय' ठरवण्याची घाई नको.

प्रत्येक दवाखान्यात यंत्र येणार नाही आणि पहिल्या चाळणीला ते लागतही नाही. नाकाखाली थंड आरसा धरला, तर कोणत्या नाकपुडीची वाफ कमी उमटते ते दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत दात आणि कान तपासतातच. अ‍ॅडेनॉइड वाढले की कानात पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं. मग त्याच रांगेत आरसा आणि 'रात्री घोरतो का?' हा प्रश्न का नसावा?

तोवर पालकांनी झोपलेल्या मुलाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढावा, घोरण्याच्या आवाजासकट, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. श्वास मध्येच थांबत असेल, तर तो लगेच दाखवावा.