विशेष शाळेचे स्थलांतर
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमाने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास शेजारच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला असल्याने, आणि महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावेत असा शासनाचा दंडकही असल्याने, मोडकळीस आलेल्या विशेष शाळेच्या डागडुजीचा वा स्थलांतराचा प्रस्ताव नगरपालिकेच्या सभेपुढे येतो, तेव्हा ते पालिकेच्या शिरावरचे देणेच असते. परंतु केवळ रक्कम मंजूर झाल्याने कार्य तडीस जात नाही. रॅम्पचा चढ फूटभर उंचीमागे बारा फूट लांबी या प्रमाणाहून तीव्र झाला, की चाकाच्या खुर्चीतील मुलाला स्वबळावर वर्गापर्यंत पोहोचणे कठीण होते. आणि ज्या स्वमग्न मुलाला रोजची वाट, रोजचे दार व रोजचा बाक यांचाच आधार, ते अपरिचित वास्तूत एकाएकी नेल्यास भेदरून जाते. म्हणून नकाशावर मंजुरीची मोहोर उमटण्यापूर्वी अभियंत्यांनी शिक्षक-पालकांचे म्हणणे ऐकावे, मुलांना नवी इमारत आधी चार-दोन वेळा दाखवावी, आणि हा राखीव निधी मार्चअखेर अखर्चित राहणार नाही, अशी तजवीज सभासदांनी आजच करावी.