‘पित्त झालंय’ म्हणून किती दिवस?



सांडोरच्या आमच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला, तेव्हा पन्नाशीच्या एक मावशी सहज बोलून गेल्या, “मला पित्ताचा त्रास आहे गं. रात्री कळ येते, पार पाठीत जाते. सोडा पिते आणि पहाटे टोपली घेऊन गाडी पकडते.” मुंबईला भाजी विकणाऱ्या या मावशी तीन वर्षं ते दुखणं अंगावर काढत होत्या. आम्ही मागे लागून सोनोग्राफी करवली. पित्ताशयात खडे निघाले.

इथे आपली भाषाच आपल्याला चकवते. घशाशी आंबट आलं तरी ‘पित्त झालं’ आणि खड्यांची कळ आली तरी ‘पित्त झालं’! खड्यांची कळ पोटाच्या वरच्या भागात, बहुधा उजव्या बरगडीखाली येते. पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते. बरेचदा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री सुरू होऊन अर्धा तास ते काही तास टिकते. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कळ थांबेचना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. खडे आहेत पण त्रास नाही, अशा वेळी मात्र शस्त्रक्रियेची सहसा गरज नसते.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. बाळंतपणं आणि स्त्रीसंप्रेरकं ही त्याची मोठी कारणं. वैद्यकीय शिक्षणात याची रुग्ण म्हणजे ‘लठ्ठ, चाळिशीची, लेकुरवाळी बाई’ असं सूत्रच पाठ केलं जातं. ते अपमानास्पद तर आहेच, शिवाय सडपातळ, तरुण मुलीची कळ त्यामुळे नजरेआड होऊ शकते.

पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिनमध्ये झाली. दुर्बिणीतून ती करण्याची सुरुवात आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. आता बहुतेक बायका एक-दोन दिवसांत घरी येतात. “पिशवीच काढली तर अन्न पचणार कसं?” हा मावशींचा प्रश्न रास्त होता. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय त्याची फक्त साठवण करतं. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं. काहींना काही दिवस पातळ शौचाला होते. थोडं थोडं खावं, तेल-तूप हळूहळू वाढवावं. जन्मभराचं पथ्य बहुतेकींना लागत नाही.

खरी अडचण घरात सुरू होते. भोकं लहान, म्हणून ऑपरेशनही लहान समजलं जातं. चौथ्या दिवशी मावशींच्या हातात पाण्याची कळशी होती! आतली जखम भरायला वेळ लागतो, काही आठवडे जड उचलायचं नसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ऐकलं होतं एकट्या मावशींनी. मग आम्ही घरी जाऊन मुलाला आणि सुनेला समोर बसवलं. पाणी मुलाने भरायचं ठरलं. गटातल्या दोघींनी महिनाभर आळीपाळीने मावशींची भाजी मुंबईला नेली.

आपापल्या गटात एवढं जरूर विचारा: ‘पित्त’ म्हणून कोण काय सोसते आहे? आणि ती आजारी पडली, तर तिची टोपली कोण उचलणार?