शिट्टी कुणी वाजवली?

मी बी.कॉम. आहे. म्हणजे मला व्याकरण येत नाही, फुटबॉल येत नाही आणि बावीस वर्षे बँकेत काढूनही, हेड ऑफिसच्या मते, बँकिंगही येत नाही. तरीही आज मी फुटबॉलमधल्या व्याकरणावर भांडायला कंबर कसून उभा आहे. याला जबाबदार आमचे शेजारी नाना.

नाना शनिवारी रात्री इंग्लंडच्या प्रीमियर लीगची मॅच बघायला आमच्याकडे येतात, कारण त्या वेळी त्यांच्या घरी मालिका असते. येताना चकल्या आणत नाहीत, मते आणतात. पडद्यावरच्या तज्ज्ञांत एखादी बाई दिसली रे दिसली, की नाना रिमोट मागून घेतात आणि टीव्हीचा आवाज बंद करतात. वर विचारतात, "बायकांना ऑफसाइड कळतं का रे?" हा प्रश्न ते माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीसमोर विचारतात, जिने मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि दोन चमचे मांडून मला ऑफसाइड तिसऱ्यांदा समजावून दिलेले असते.

नानांचे दुसरे दुखणे भाषेचे. "चांगला लाइन्समन होता, त्याचा असिस्टंट रेफरी केला. मॅन ऑफ द मॅच होता, त्याचा प्लेअर केला. उद्या मँचेस्टरचं काय करणार?"

आता लाइन्समनचा असिस्टंट रेफरी झाला १९९६ साली. तेव्हापासून झेंडा तोच आहे, रेषा तीच आहे आणि प्रेक्षकांच्या शिव्याही त्याच आहेत. 'मॅन ऑफ द मॅच' विश्वचषकात २०१८पर्यंत होता, २०२२ला 'प्लेअर' आला. म्हणून मेस्सीचा खेळ काही कमी झाला नाही. आणि भाषा बदलल्याचे एवढे दुःख असलेल्या या गृहस्थांनी 'फॉल्स नाइन', 'लो ब्लॉक', 'हाय प्रेस' हे सगळे पाण्याच्या घोटाशिवाय गिळले आहे. परवा तर मला सांगत होते की अमक्या संघाचा 'एक्सजी' शून्य पूर्णांक सात होता. म्हणजे संधींच्या हिशेबाने शून्य पूर्णांक सात गोल व्हायला हवे होते! सात दशांश गोल मान्य करणाऱ्या माणसाला अख्खी बाई मान्य होत नाही, याला काय म्हणावे?

बरे, ऑफसाइडचा हा प्रश्न नानांचाही नव्हे. २२ जानेवारी २०११ला वुल्व्ज विरुद्ध लिव्हरपूल सामन्याला सियान मॅसी ही असिस्टंट रेफरी होती. ब्रिटिश टीव्हीवरचे दोन बडे आवाज, रिचर्ड कीज आणि अँडी ग्रे, माइक बंद आहे असे समजून म्हणाले, हिला ऑफसाइड कुणी तरी समजावून सांगायला हवे. त्याच सामन्यात एका गोलच्या वेळी मामला अगदी केसाचा होता. मॅसीबाईंनी झेंडा खालीच ठेवला. रिप्लेत पाहिले, तर बाईंचेच बरोबर! चारपाच दिवसांत ग्रेंची नोकरी गेली आणि कीजनी राजीनामा दिला.

"पण यांना खेळाचा अनुभव काय?" हे नानांचे ब्रह्मास्त्र. (नानांनी स्वतः आयुष्यात लाथ मारली ती फक्त स्कूटरच्या किकला.) अनुभवाचे ऐका. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या बायकांच्या संघाचा सामना बघायला ५३,००० माणसे लोटली होती. पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने, हा खेळ बायकांना योग्य नव्हे असे ठरवून, क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती सुमारे पन्नास वर्षे बंद राहिली. आधी मैदानाबाहेर ठेवायचे आणि मग अनुभव विचारायचा! म्हणजे गिऱ्हाइकाला खाते उघडू द्यायचे नाही आणि वर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायचा. एवढे तर आमची बँकसुद्धा करत नाही.

काही बायका टीव्हीवर कंटाळवाणे बोलतात, हे मला मान्य आहे. पुरुषही बोलतात. फरक इतकाच, की पुरुष कंटाळवाणा बोलला तर आपण म्हणतो, "काय बोअर करतो हा!" आणि बाई बोलली की म्हणतो, "काय बोअर करतात या!" 'हा' आणि 'या', सगळे राजकारण त्या दोन अक्षरांत आहे.

आता थोडे माझ्याबद्दल. २०१८च्या विश्वचषकात इंग्लंडकडून शंभराहून अधिक सामने खेळलेल्या एनी अलुकोने टीव्हीवर एका सामन्याचे नीट विश्लेषण केले, तर शेजारी बसलेल्या पॅट्रिस एव्हराने चक्क टाळ्या वाजवल्या. लोक हसले. मी हसलो नाही. कारण आमच्या शाखेत एका संध्याकाळी कॅश टॅली होईना आणि नव्याने आलेल्या ऑफिसर बाईंनी दहा मिनिटांत फरक शोधून दिला, तेव्हा मीही सर्वांदेखत टाळ्या वाजवल्या होत्या. केवढा माझा मोठेपणा, असे मला वाटले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "गेल्या महिन्यात हेडकॅशियरनी फरक शोधला तेव्हा तुम्ही त्यांना चहा सांगितलात. मलाही चहाच सांगा."

तो चहा मला अजून गोड लागत नाही.

म्हणून मराठीच्या मास्तरांनी शिकवलेला एक प्रयोग मी नानांना ऐकवला. "पंचांनी शिट्टी वाजवली. आता सांगा नाना, पंच बुवा की बाई?" नाना विचारात पडले. उत्तर वाक्यात नाहीच! कर्मणी प्रयोगात क्रियापद वाजवणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही, ते फक्त शिट्टीकडे बघते. आपली भाषा ज्ञानोबांच्या आधीपासून एवढी शहाणी आहे. आपणच मागे राहिलो.

परवाच्या शनिवारी नाना आले. पडद्यावर एक बाई दिसली. नानांनी सवयीने हात पुढे केला.

"रिमोट कुठाय?"

"लोणच्याच्या बरणीच्या पलीकडे," मुलगी म्हणाली. "ऑफसाइड आहे, नानाआजोबा."

नाना माझ्याकडे बघायला लागले. त्यांना विनोद कळला नव्हता. मग मुलीने खुर्ची सरकवली, मिठाची बाटली पुढे ओढली आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. मी चहा टाकायला उठलो.