खुर्चीवरच्या तीन पिशव्या

दोस्तांनो, आमच्या घरात एक खुर्ची अशी आहे, की तिच्यावर कुणालाच बसता येत नाही. तिच्यावर माझ्या विणकामाच्या तीन पिशव्या असतात. एकीत मफलर, दुसरीत बाबांचा स्वेटर, तिसरीत भाचीसाठी टोपडं. तिन्ही अर्धवट! आई येता-जाता म्हणते, "एक ना धड, भाराभर चिंध्या." तुम्हालाही घरी हे ऐकावं लागतं ना? मग आज माझी बाजू ऐका. (आई-बाबांनो, तुम्हीसुद्धा!)

मफलर म्हणजे सगळ्याच ओळी सुलट. त्याला डोळे लागतच नाहीत. एसटीत बसा, टीव्ही बघा, पाहुण्यांशी गप्पा मारा, हात आपले चालू. स्वेटरचं तसं नाही. त्यावर पिळाची वीण आहे. दर सहाव्या ओळीला तीन टाके तिसऱ्या सुईवर काढायचे, पुढचे तीन आधी विणायचे, मग काढलेले तीन विणायचे. मधेच कुणी विचारलं, "चहा टाकू का गं?" की मोजदाद चुकलीच म्हणून समजा. म्हणून तो रविवारी सकाळी, घर शांत असताना. थोडक्यात काय, दमलेल्या संध्याकाळी मी स्वेटर हातात घेत नाही, पण मफलर घेते. एकच काम असतं तर ती संध्याकाळ फुकटच गेली असती.

आता जरा गणित करू या. माझ्या मफलरची रुंदी ८ इंच. माझ्या हाताला इंचात ५ टाके बसतात, म्हणजे एका ओळीत ४० टाके. लांबी ५४ इंच, आणि एका इंचात १० ओळी. म्हणजे झाल्या ५४० ओळी, आणि टाके किती? २१,६००! घाबरलात? रोज १० ओळी विणल्या तर मफलर रोज एक इंच वाढतो आणि ५४ दिवसांत गळ्यात पडतो. हा रोजचा इंच पट्टी लावून बघण्यात काय मजा आहे म्हणून सांगू!

मुलग्यांनो, नाकं मुरडू नका बरं का. युरोपात काही शतकांपूर्वी मोजे आणि टोप्या विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते, आणि ते कारागीर होते पुरुष.

माझी फजितीही सांगते. एकदा टोपड्यासाठी सुया सापडेनात, म्हणून मी स्वेटरच्या १० नंबरच्या सुया काढून घेतल्या. महिन्याने स्वेटर पुन्हा हातात घेतला तो ८ नंबरच्या सुयांवर. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत गंमत अशी, की नंबर जितका लहान तितकी सुई जाड. जाड सुईवर टाका मोठा पडतो. चार बोटं विणून झाल्यावर बघते तर खाली घट्ट वीण आणि वर जाळी! सगळं उसवलं. तेव्हापासून प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते: सुईचा नंबर, टाके किती, कितवी ओळ झाली. आणि ओळ अर्ध्यात सोडून मी कधीच उठत नाही. टाके सुईवरून निसटतात आणि आपण कुठल्या दिशेने चाललो होतो, तेही कळत नाही. पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकते, कसर लागू नये म्हणून.

पण आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही कबूल करते. टोपडं सुरू केलं तेव्हा भाची महिन्याची होती. आता ती खुर्ची धरून उभी राहते आणि पिशवीतला गुंडा ओढून घरभर पळवते. टोपडं तिच्या डोक्यावर ठेवून बघितलं, तर ते कानांपर्यंतसुद्धा येईना. ते आता तिच्या बाहुलीला मिळेल.

आणि बाबांचा स्वेटर? तो तीन हिवाळे सुरू आहे. दर दिवाळीला ते विचारतात, "काय, बाही कुठवर आली?" आणि आम्ही सगळे हसतो. यंदा मी पुन्हा माप घेतलं. छाती ३८ इंच होती, ती ३६ भरली. मला वाटलं टेप सैल धरली असेल, म्हणून पुन्हा घेतलं. ३६च. बाबा म्हणाले, "अगं, उसवू नकोस, ढगळ चालेल मला." पण मी त्याच रात्री पाठ उसवली आणि कमी टाक्यांवर पुन्हा सुरू केली.

सध्या खुर्चीवर दोनच पिशव्या आहेत. तिसरी माझ्याजवळ असते, रविवारीच नाही, तर रोज. काल पाठ मुंढ्यापर्यंत आली. मफलर थांबलाय, त्याला घाई नाही.

बरं, तुमच्या घरी कोणती खुर्ची अडलेली आहे? पत्रातून जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!